भट्टीच्या घड्याळानं फोंताइन्हास: पोयपासून बेबिंकपर्यंत तीन दिवस

पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतला खाण्यापिण्याचा बेत बहुतेक वेळा एकाच कारणानं फसतो: लोक दुपारी बाराला पोचतात. सकाळची पोय (इथला चपटा, पोकळ पाव) संपलेली असते, पॅटिसचा ट्रे तळाला गेलेला असतो आणि तासाभरात दारं लागणार असतात. मग रंगीत भिंतींपुढे उभं राहून फोटो काढायचे आणि चार वाजेपर्यंत सावली शोधायची, एवढंच उरतं. दुकानांची यादी कितीही चांगली असली तरी ट्रे केव्हा बाहेर येतो आणि कडी केव्हा लागते हे माहीत नसेल तर ती फारशी कामाची नाही. खालचे तीन दिवस त्या हिशेबानं लावले आहेत आणि म्हणूनच ते गुरुवारी दुपारी सुरू होतात. महाराष्ट्रातून येणारे सहसा शनिवार-रविवार धरतात. रविवारी इथली अर्धी शटरं खाली असतात.

गुरुवार, दुपारी साडेतीन

कदंब स्टँडवरून पाटोचा पूल ओलांडला की ओरेम खाडीच्या पलीकडे घरांची रांग दिसते. चालत दहा-बारा मिनिटं. सामान जड असेल तर पायलट घ्या. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटरसायकल. बसण्याआधी भाडं ठरवायचं. करमळी स्टेशनवर उतरणाऱ्यांना अकरा-बारा किलोमीटर यावं लागतं. स्वतःची गाडी असेल तर ती खाडीच्या कडेच्या रस्त्यावर किंवा पाटोच्या बाजूला लावून पायी आत शिरा. आतल्या गल्ल्यांत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं, आणि ती बहुधा पाहुण्याची असते.

एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधली चिंचोळी पट्टी म्हणजे हा भाग. दक्षिणेला मळा, उत्तरेला पोस्टाच्या बाजूला सांव तोमे. मळ्यातल्या झऱ्यावरून वस्तीला फोंताइन्हास हे नाव पडलं. पोर्तुगीजमध्ये फोंते म्हणजे झरा. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, त्याच्या आधीपासून इथं लोक राहत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं पुरतात, त्यामुळे तीन दिवसांत पाय दुखणार नाहीत. पोटाची हमी नाही.

या वेळेला जुन्या बेकऱ्या आणि हॉटेलं झोपलेली असतात, पण नवी कॉफीघरं सहसा दुपारभर उघडी राहतात. म्हणून कॉफी आत्ता. जुन्या घराच्या ओसरीत चार टेबलं, कोनाड्यात एस्प्रेसो मशीन आणि मंगळुरी कौलांखाली पंखा, असं साधारण रूप. दाणे बहुतेक ठिकाणी कर्नाटकातले असतात, चिकमगळूर नाहीतर कुर्ग. मागवण्याआधी एकच प्रश्न विचारा: भाजल्याची तारीख काय? भाजून आठवडा ते महिना झालेला दाणा एस्प्रेसोला चांगला. कालच भाजलेल्या दाण्यात वायू भरलेला असतो, त्यामुळे फेस भरपूर येतो आणि चव विस्कटते.

गोव्याच्या हवेत कॉफीचं गणित रोज हलतं. सर्वसाधारण माप म्हणजे अठरा ग्रॅम पूड आणि पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास अर्क. दमट हवेत पूड ओल धरते, धार मंदावते, आणि सकाळी लावलेली ग्राइंडरची जाडी दुपारी चुकीची ठरते. धार अठरा सेकंदांत संपली तर कप आंबट आणि पाणचट लागतो. चाळीसवर गेली तर जळकट आणि तुरट. काउंटरवरचा माणूस पहिला शॉट ओतून टाकून जाडी बदलताना दिसला तर तिथं निर्धास्त बसा.

दुधाच्या कॉफीला आपल्याकडे एक हमखास फर्माईश असते: "जरा कडक गरम द्या." दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंत गोड लागतं, सत्तरच्या वर नेलं की गोडवा जातो, उकळल्याचा वास येतो आणि फेसाचे मोठे बुडबुडे होतात. गरमच हवी असेल तर कप आधी गरम पाण्यानं तापवून द्यायला सांगा, काम होतं. कोल्ड ब्रू पावसाळ्यातही मिळतं, पण ते बारा ते अठरा तास मुरवून चाळलेलं असावं. आदल्या दिवशीची उरलेली कॉफी बर्फावर ओतून त्याच नावानं विकली जाते. चव सपाट आणि मागे धुरकट लागली तर तेच समजायचं.

किमतीचा अंदाज म्हणून एवढं लक्षात ठेवा: इथल्या एका कॅपुचिनोच्या पैशात चर्च स्क्वेअरच्या आसपास दोघांचा भाजी-पाव चहासकट होतो. राग मानू नका, पण दिवसातून एकदाच.

पाचच्या सुमारास गल्लीत रबरी भोंगा वाजतो. पोदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलच्या मागे मोठी टोपली, तिच्यावर निळं किंवा पिवळं प्लास्टिक आणि खाली जाडं कापड. पोदेर दोन वेळा फिरतो, पहाटेनंतर आणि चहाच्या वेळेला. संध्याकाळचा पाव दुपारी भाजलेला असतो, म्हणून तो सकाळच्या उरलेल्यातला असेल ही शंका नको. टोपलीत काय काय ते ओळखून मागा. पोय म्हणजे वर कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ, चपटी. गव्हाचं पीठ किंवा कोंडा आणि मैदा यांची. उंडो गोल, कवच कडक, मधोमध चीर. कातरो पाव कातरीनं कापून फुलपाखरासारखा केलेला. कांकण म्हणजे बांगडी, पार कडक, फक्त चहात बुडवायला. आणि साधा मऊ चौकोनी पाव, जो आपल्याकडे मिळतो तसाच. त्याच्यासाठी इथवर यायची गरज नाही.

पोय हातात घेऊन फाडून बघा. ताजी असेल तर वरचा पापुद्रा कागदासारखा सुटतो, आतून वाफ येते आणि पोकळी सलग दिसते. भट्टीच्या तळाची आच एकदम लागते तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुगते. तळ थंड पडला असेल तर पोय फुगत नाही आणि मध्ये लगदा राहतो. पूर्वी पीठ माडाच्या सुरेनं आंबवत, त्याचा हलका आंबूस वास असे. सूर काढणारे रेंदेर कमी झाले, सूर महागली आणि जवळपास सगळीकडे यीस्ट आलं. आजही "सुरेची पोय" म्हणून कुणी जास्त दर सांगत असेल तर वास घेऊन ठरवा.

पोय प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. पाव-अर्ध्या तासात स्वतःच्याच वाफेनं ती ओली होते आणि मग चामड्यासारखी ताणली जाते. कापडी पिशवी किंवा वर्तमानपत्र बरं. रात्रीपर्यंत कडक झालीच तर पाण्याचा हात लावून तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं, दोन्ही बाजूंनी.

संध्याकाळी सातनंतर गाड्यावर रोस-आमलेट. पातळ आमलेटवर शाकुती या मसालेदार कालवणाच्या वळणाचा नारळाचा रस, वर कांदा-कोथिंबीर-लिंबू, सोबत पाव. रस चिकनचा असतो की चण्याचा ते विचारून घ्या.

शुक्रवार

सकाळी साडेसातला वस्तीबाहेर, चर्चकडे. इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या पायऱ्यांपासून पाच-सात मिनिटांच्या परिघात पणजीची जुनी हिंदू हॉटेलं आहेत. १९२० पासूनचं कॅफे भोसले त्यांतलं एक. इथं कॉफी मागवायची नाही, चहा घ्यायचा. खायला भाजी-पाव. मुंबईच्या पावभाजीशी त्याचं फक्त नावाचं नातं. पातळभाजी म्हणजे नारळाच्या रसातले वाटाणे किंवा चणे, सुकी म्हणजे बटाट्याची, तोणाक म्हणजे भाजलेल्या मसाल्याचं दाट कालवण, अळसांद्याचं (चवळीसारखं कडधान्य) किंवा वाटाण्याचं. "मिक्स" म्हटलं की पातळभाजीत सुकीचा गोळा घालून देतात. पहिल्यांदा येणाऱ्यानं तेच घ्यावं.

सोबत बन्स. पिकून काळं पडलेलं केळं, मैदा, साखर, दही, चिमूट सोडा आणि जिरं. दोन केळ्यांना साधारण दोन वाट्या मैदा, तीन-चार चमचे साखर आणि पाणी अजिबात नाही. पीठ रात्रभर मुरवतात. कमी मुरलं तर बन्स दडस होतो. उष्ण दिवसांत जास्त मुरलं तर आंबट होतो आणि तेल पितो. चांगला बन्स बोटानं दाबला की परत वर येतो आणि कागदावर तेलाचा डाग रुपयाएवढाच पडतो. साडेदहानंतर मिळणारे बन्स बहुधा सकाळचेच असतात.

साडेनऊला परत रुआ ३१ द जानेइरुवर. या रस्त्याच्या नावाबद्दल वाटाडे सर्रास सांगतात की पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झालं तो हा दिवस. तो दिवस १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी ही १८९१ मध्ये पोर्तू शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी केलेल्या, फसलेल्या उठावाची तारीख. रस्त्याचंच नाव घेतलेली कोन्फेइतारिया ३१ द जानेइरु ही १९३० च्या दशकापासूनची बेकरी इथंच आहे. बाहेरून सहज चुकेल इतकी साधी. बसायला जागा शोधू नका. घ्यायचं आणि समोरच्या पायरीवर, कुणाचं दार न अडवता, खायचं.

साडेनऊ ते अकरा हीच वेळ का? खारे पदार्थ सकाळच्या भट्टीतून या सुमाराला निघतात. पॅटिसचा पापुद्रा पहिले दोन तास कुरकुरीत राहतो. मग आतल्या सारणाची ओल आणि बाहेरची दमट हवा मिळून तो मऊ पाडतात, आणि काचेच्या कपाटातला दिवा त्याला कोरडा करण्याऐवजी नुसता कोमट ठेवतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देऊ का असं विचारलं तर नको म्हणा, थंडच खा.

इथं एक गोष्ट आडपडद्याशिवाय सांगायला हवी, कारण बरेच मराठी पाहुणे नंतर खजील होतात. गोव्यात क्रोकेत (खिम्याचा तळलेला रोल) म्हणजे बहुधा बीफ. पॅटिस बीफ, चिकन आणि भाजी असे तिन्ही मिळतात, दिसायला सारखेच, कधीकधी शेजारच्याच ट्रेमध्ये. चोरीस पावात डुकराचं मांस असतं, व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेलं. कुणी लपवत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही. बोट दाखवून "हें एक" म्हणू नका; नाव घेऊन विचारा.

अंड्याचंही तसंच. न खाणाऱ्यांसाठी इथल्या गोडाची विभागणी सरळ आहे. बेबिंक (थरांचा केक), बोलिन्हास (रवा-नारळाची बिस्किटं), बाथ (रवा-नारळाचा केक) आणि नाता (कस्टर्ड भरलेली वाटी) यांत अंडं असतंच. बेबिंकमध्ये तर ढीगभर बलक. डोदोल (तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेला), दोस (चण्याची डाळ आणि नारळाची वडी), पेराद (पेरूची वडी) आणि सेरादुरा (क्रीम आणि बिस्किटाच्या चुऱ्याचे थर) बिनअंड्याचे. आले-बेले, म्हणजे नारळ-गुळाचं सारण भरलेली घावनासारखी गुंडाळी. तिच्या पिठात बहुतेक अंडं असतं. "तांतीं आसा?" एवढं विचारलं की नीट उत्तर मिळतं.

अकराला मळ्याच्या बाजूनं चालत सेंट सेबॅस्टियनचं कपेल. आतल्या क्रुसावरचा ख्रिस्त डोळे उघडे असलेला आहे. तो क्रूस मूळचा जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. पुढे टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ. फोटोबद्दल: ही लोकांची राहती घरं आहेत. "फोटो काढू नये" अशा पाट्या लावलेल्या असतात. दुसऱ्याच्या बाल्कनीखाली कपडे बदलून पोझ देणाऱ्यांमुळे सगळ्यांनाच तोंड चुकवावं लागतं.

एक ते चार बंद. जेवा, झोपा. ज्यांना झोप येत नाही त्यांनी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळीच उरकावा: बसनं अर्धा तास, तेरा किलोमीटर. तिथं डोदोल, पेराद आणि माडाचा गूळ मिळतो. मात्र तसं केलं तर पॅटिसची वेळ हुकते. दोन्ही एका सकाळी जमत नाही.

साडेचारला बेबिंक, आणि त्याच्यासाठी थोडं थांबायला हवं.

गोव्याच्या बेबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात त्या नावाखाली मिळणाऱ्या वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सामान मोजकं: नारळाचं दाट दूध, बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. घरगुती सात थरांच्या साच्याला साधारण अर्धा लिटर दूध, दहा-बारा बलक, पाव किलोच्या वर साखर, सव्वाशे ग्रॅम मैदा आणि तूप दोनशे ग्रॅमच्या आसपास. साखर दुधात पूर्ण विरघळवायची, बलक फेसू न देता मिसळायचे, मैदा घालून गाळायचं. फेसलं तर हवेचे बुडबुडे राहतात आणि थराला भोकं पडतात.

मग साच्यात तूप, पळीभर पीठ आणि आच वरून. पूर्वी मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. आता ओव्हनची फक्त वरची आच लावतात. थर वरून तपकिरी झाला, बोटाला चिकटेनासा झाला की चमचाभर तूप आणि पुढची पळी. एकेका थराला दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे सात थरांना दीड तास सहज, सोळा थरांना तीन-चार तास. घाई केली की खालचा थर ओला राहतो आणि वरचा त्यात मिसळतो. कापल्यावर रेघा दिसतात पण थर सुटत नाहीत. तूप वाचवलं तरी तेच. आच जास्त झाली तर वर काळं, खाली कच्चं, आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. झाल्यावर पूर्ण गार होईपर्यंत कापायचं नाही.

आता बशीतला तुकडा. आडव्या रेघांत एक आड एक फिकट आणि गडद पट्टी दिसायला हवी: गडद म्हणजे वरून भाजलेला पृष्ठभाग, फिकट म्हणजे त्याच्याखालचा गाभा. सगळा तुकडा एकसारखा चॉकलेटी असेल तर रंग किंवा जळकी साखर घातली आहे. काट्यानं वरचा थर उचला. तो फाटता न फाटता चादरीसारखा सुटावा. वास आधी तुपाचा, मग जायफळाचा. व्हॅनिला आला किंवा टाळूला मेणासारखा थर चिकटला, तर तुपाऐवजी मार्गारिन आहे. थंड बेबिंक खाऊन मत बनवू नका. तूप गोठलेलं असतं. कोमट हवं. वर आइस्क्रीम देतात ते फोटोला छान, पण थंडीनं तूप पुन्हा गोठतं. त्यापेक्षा सोबत बिनसाखरेची काळी कॉफी.

बलक इतके का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, पांढरा भाग कपड्यांना खळ करायला जाई आणि बलक उरत. पोर्तुगालच्या गोड पदार्थांबद्दलही हेच सांगतात.

शनिवार

सकाळ बागेच्या चौकात. म्युनिसिपल गार्डनच्या कडेला मिस्टर बेकर १९२२ आहे, साल नावातच. कॅफे सेंट्रलही त्याच परिसरात. दहाच्या आत जा. इथं बोलिन्हास बघा: रवा आणि नारळाची बिस्किटं, वर काट्यानं मारलेली नक्षी. चांगलं बोलिन्ह बाहेरून खुटखुटीत आणि आत किंचित ओलसर असतं. दातांखाली रवा वाळूसारखा कचकचला तर पीठ रात्रभर मुरवलेलं नाही. बाथ हा त्याच सामानाचा केक, वर पट्ट्यांची जाळी. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून हा घरी न्यायला योग्य.

नाता खायचा असेल तर वस्तीतून बाहेर पडावं लागतं. करंजाळ्याला पादारिया प्राझेरिश या कामासाठी ओळखली जाते. रिक्षा किंवा पायलट करा. पातळ पापुद्र्यांची वाटी, त्यात दूध-साखर-बलकाचं कस्टर्ड, आणि भट्टी अडीचशे अंशांच्या वर. वरचे काळे डाग म्हणजे जळलं असं नाही, तेच हवेत. इतकी आच नसली तर वाटी भाजेपर्यंत कस्टर्ड फाटतं. घरच्या ओव्हनमध्ये नाता नीट न होण्याचं कारण बहुधा हेच. तिथंच उभ्यानं खा. डब्यात घालून फोंताइन्हासपर्यंत आणलात तर पापुद्रा ओला झालेला असेल.

दुपारी सेरादुरा. नावाचा अर्थ लाकडाचा भुसा, आणि तो भुसा म्हणजे मारी बिस्किटाचा चुरा. क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क फेटून चुऱ्याशी आलटून-पालटून थर. यात शिजवायचं काही नाही, म्हणून लपवायलाही जागा नाही. क्रीममध्ये तिशीच्या वर चरबी नसेल तर ते उभं राहत नाही. मग वनस्पती तुपाचं क्रीम वापरतात. ते ग्लासात देखणं उभं राहतं आणि जिभेवर तेलकट सुटतं. चुरा फार वेळ आधी भरलेला असेल तर त्याची खीर होते. ग्लासाच्या काचेतून थरांच्या कडा स्वच्छ दिसल्या तरच घ्या.

चारनंतर बांधाबांध. अख्खं बेबिंक बेकरीतून आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. नाताळात तर आठवडाभर आधी. हवाबंद पाकिटातलं प्रवासाला सोपं, पण त्याची तयार झाल्याची तारीख वाचा. घरी फ्रिजमध्ये ठेवा, खाताना तेवढाच तुकडा झाकण ठेवून मंद तव्यावर दोन-तीन मिनिटं. डोदोल घेताना बोटानं दाबा: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ दोन-तीन तास ढवळून तेल सुटेपर्यंत आटवलेला असेल तर दाबलेली खूण हळूहळू भरते आणि बोटाला फक्त तेल लागतं. पीठ चिकटलं तर तो कमी आटवलेला आहे, चार दिवसांत बुरशी धरेल. पेराद सगळ्यांत टिकाऊ.

रात्रीच्या बसनं निघणाऱ्यांनी पाचच्या पोदेराकडून कांकणं घ्यावीत. पोय सकाळपर्यंत वातड होईल; कांकण मुळातच कडक, त्याला प्रवासाचं काही वाटत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बेबिंकपासून लांब, नाहीतर तुपाचा वास धरेल.